जुना बंगला घेताना: कोणती तडजोड चालेल, आणि बाहेरून काय सुधारता येईल?

उंबरठा:

कोल्हापुरात स्वतःचे घर घेण्याचा आमचा विचार गेली दोन वर्षे चालू आहे आणि आता गोष्ट दोन बंगल्यांवर येऊन थांबली आहे. घरात मी, यजमान, आठवीतली मुलगी आणि सासूबाई असे चौघे आहोत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे तळमजल्यावर त्यांची खोली आणि तिला लागून संडास-बाथरूम हवे, ही एकच अट आम्ही पहिल्या दिवसापासून पक्की धरली आहे. खरेदी, मुद्रांक शुल्क आणि दुरुस्ती असे सगळे मिळून ७८ लाखांच्या वर जाण्याची आमची ऐपत नाही.

पहिला बंगला शाहूपुरीत, जयंती नाल्याच्या बाजूला आहे. दर्शनी भिंतीला करड्या दगडाची पट्टी, नक्षी कापलेले काळे लोखंडी फाटक, अंगणात नवे पेव्हर ब्लॉक, आणि रंग इतका ताजा की वास अजून गेलेला नाही. मुलीची शाळा आणि बाजार दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मागणी ७४ लाखांची आहे.

दुसरा सागरमाळाच्या बाजूला, उंचावर आहे. बांधकाम २४ वर्षांचे, सँडफेस गिलाव्यावर काळे-हिरवे शेवाळ, गच्चीच्या कठड्यातून हातभर पिंपळ उगवलेला आणि फाटक गंजून एका बिजागरीवर लटकलेले. समोरच्या रस्त्यावर डांबराचे थर चढत गेल्यामुळे अंगण आता रस्त्यापेक्षा वीतभर खाली आहे. शाळेसाठी मुलीला रिक्षा लावावी लागेल. मागणी ६९ लाखांची आहे.

मुलीला पहिलाच आवडला आहे, आणि खरे सांगायचे तर मलाही. दुसरे घर पाहून परत येताना गाडीत कोणी बोलले नाही. माझा प्रश्न असा आहे की, घराच्या बाहेरच्या अवकळेला किती महत्त्व द्यावे, आणि ती दूर करण्याचा खर्च किमतीतून कसा वळता करून घ्यावा?

ओळंबा:

मी बांधकाम अभियंता आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

घराच्या बाहेरच्या अंगाचे दोन भाग करून पाहावेत. रंग, फाटक, दगडाची पट्टी, दिवे, कुंड्या हे माणसाच्या नजरेला दिसणारे बाह्यांग झाले. गच्चीचा उतार, कठड्याचा माथा, छज्जाची कड, जोत्याची उंची आणि घराभोवतीच्या जमिनीचा ढाळ हे पावसाच्या पाण्याला दिसणारे बाह्यांग आहे. तुम्ही दुसऱ्या घराची जी अवकळा लिहिली आहे तिच्यातले फाटक आणि शेवाळ पहिल्या प्रकारात मोडतात, पण पिंपळ आणि रस्त्याची पातळी दुसऱ्या प्रकारात मोडतात. दोन्हींचा खर्च आणि निकड वेगवेगळी असते, म्हणून त्यांची यादी एकत्र करू नका.

पिंपळाचे रोप दिसायला लहान असले तरी मुळे विटांच्या सांध्यांतून खोल गेलेली असतात, आणि नुसते वरून छाटले तर पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा फुटते. तेवढा कठडा उतरवून मुळासकट काढावे आणि पुन्हा बांधून वर कडाप्प्याची फरशी दोन्ही बाजूंना थोडी पुढे काढून बसवावी. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर, असेल तर तो ठोकून पाहावा. पोकळ आवाज आला तर कोबा खालच्या स्लॅबपासून सुटला आहे. पावसाळी पाइपांची तोंडे बंद करून गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून ठेवण्याची परवानगी मालकाकडे मागा. जो मालक ही परवानगी देत नाही, त्याने उत्तर दिलेच आहे असे समजावे.

छज्जाच्या खालच्या कडेला बोटाच्या पेराएवढी खाच असते, जिच्यामुळे पाण्याचा थेंब तिथेच तुटून खाली पडतो. जुन्या घरांत प्रत्येक रंगकामात ही खाच लांबीने (पुट्टीने) भरत जाते, मग पाणी छज्जाच्या पोटावरून भिंतीपर्यंत पोचते आणि खिडकीच्या वर आतून ओल दिसू लागते. दुरुस्ती किरकोळ असते, पण लोक वर्षानुवर्षे आतून रंग देत बसतात.

भेगांचेही तसेच आहे. गिलाव्यावर जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर त्या गिलाव्यापुरत्याच समजाव्यात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, आत आणि बाहेर एकाच जागी दिसणारी भेग मात्र पायाकडे बोट दाखवते, विशेषतः खाली काळी माती असेल तर, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तुमच्या उंचावरच्या घराखाली मुरूम लागण्याची शक्यता अधिक आहे, तरी शेजाऱ्यांना विहीर किंवा टाकी खणताना काय लागले ते विचारून घ्या.

आता पहिले घर. ताजा रंग आणि दगडाची पट्टी यांच्यामुळे मी उलट अधिक सावध होईन. पट्टी किती उंचीपर्यंत आहे? सगळ्या बाजूंना आहे की फक्त समोर? तिच्या मागच्या भिंतीला आतून हात लावून पाहा, आणि कपाटे भिंतीला टेकवलेली असतील तर ती सरकवायला सांगा.

नदीकाठचा:

मी शाहूपुरीच्या त्याच भागात राहतो, म्हणून आधीच सांगतो की माझे म्हणणे थोडे आपल्या गल्लीच्या बाजूने असणार.

२००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर आम्ही पाहिले आहेत. मधल्या वर्षांत तिथे राहण्यासारखे सुख शहरात दुसरीकडे नाही. सगळे हाकेच्या अंतरावर आहे. पंचगंगेचा पूर न सांगता येत नाही. राजाराम बंधाऱ्याची पातळी तासातासाला कळते, ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की आम्ही गाड्या उंचावर नेऊन लावतो आणि गाद्या, फ्रीज, मिक्सर वरच्या मजल्यावर चढवतो. नदी थेट अंगावर येत नाही, तिचे पाणी नाल्यातून मागे सरकत एकेक पायरी चढत येते, त्यामुळे जीवाची भीती क्वचितच असते.

परंतु २०१९ मध्ये ते पाणी कित्येक दिवस हलले नाही, आणि ओसरल्यावर राहिलेला गाळ, त्याचा वास आणि फुगलेले दरवाजे हे ज्याने उपसले आहेत त्यालाच ठाऊक. मी वरच्या मजल्यावर राहतो म्हणून मला हे चालते. तुम्ही मात्र पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे की सासूबाईंची खोली तळमजल्यावरच हवी. बाकी सगळ्या तडजोडी पडताळून पाहण्याआधी हे एक वाक्य पुन्हा वाचा. पुरात जी खोली सर्वांत आधी जाते ती नेमकी तीच आहे, आणि ज्या माणसाला जिना चढवत नाही त्याच माणसाला मध्यरात्री जिन्याने वर न्यावे लागेल.

माझ्या भागातल्या घराची किंमत पाडल्याबद्दल शेजारी मला बोलतील, पण असो.

उंबरठा:

आपल्या दोघांच्या उत्तरांनंतर काल आम्ही शाहूपुरीतले घर पुन्हा पाहून आलो. दगडाची पट्टी बरोबर साडेचार फुटांपर्यंत आहे आणि घराच्या चारही बाजूंना आहे. मागच्या बोळातही, जिथे शोभेसाठी कोणी दगड लावणार नाही. आत गेल्यावर यजमानांच्या लक्षात आले की तळमजल्यावरचे विजेचे सगळे प्लग छातीच्या उंचीवर आहेत. फ्रीजची वायर वर जाऊन भिंतीला लटकत होती. मालकांना विचारले तेव्हा ते म्हणाले की लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी तसे केले. त्यांची मुले नोकरीला लागलेली आहेत.

मी रागावले नाही. त्यांच्या जागी मी असते तर काय सांगितले असते, कोण जाणे. पण हे घर आम्ही यादीतून काढले आहे, आणि मुलगी अजून फुरंगटून बसली आहे.

सातबारा:

निर्णय योग्य वाटतो, तरीही पुढे हा धागा वाचणाऱ्यांसाठी पूररेषेबद्दल लिहितो. निळी पूररेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला जवळपास मनाईच आहे. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंचीवर बांधकामाला परवानगी मिळू शकते. जुने घर उभे आहे म्हणून उद्या ते पाडून तसेच बांधता येईल असे मात्र गृहीत धरू नये. विमा घेता येतो, भारत गृह रक्षा पॉलिसीत पुराचे नुकसान अंतर्भूत आहे. पण विमा भिंत भरून देतो, घराची गिऱ्हाइकी भरून देत नाही.

आता दुसऱ्या घराकडे. बाहेरची सुधारणा करण्याचे मनात असेल तर मंजूर नकाशा हातात घेऊन घराभोवती एक फेरी मारा. २४ वर्षांच्या बंगल्यात बाजूच्या सामासिक अंतरात (घर आणि हद्द यांच्यामध्ये मोकळ्या सोडायच्या जागेत) पत्र्याची धुण्याची खोली, बंद केलेली बाल्कनी किंवा जिन्याखालचे वाढीव स्नानगृह हमखास सापडते. विकणारा ते वाढीव बांधकाम म्हणून मिरवतो, पण नकाशात नसलेल्या चौरस फुटांचे पैसे देऊ नयेत. मालमत्ता पत्रक, भोगवटा प्रमाणपत्र, मालकी हक्काचा ३० वर्षांचा शोध अहवाल आणि घरफाळ्याच्या पावत्या या गोष्टी सगळेच सांगतात. मी आणखी एक सांगतो: कुंपणाची भिंत प्रत्यक्ष मोजून घ्या. नवे फाटक आणि नवी भिंत यांचा बेत आखून मग हद्द दोन फूट आत असल्याचे कळलेले पक्षकार माझ्याकडे दरवर्षी येतात.

अंगणात मोठे झाड असेल आणि ते गाडीच्या आड येत असेल, तर ते विनापरवाना तोडू नका. शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. कठड्यातला पिंपळ हा वेगळा विषय आहे, तरी काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढून ठेवा.

मिस्त्रीची लेक:

माझे वडील रंगकामाची ठेकेदारी करत, आता भाऊ करतो. एकच विनंती आहे, घर ताब्यात आल्याबरोबर बाहेरून रंग देऊ नका.

वास्तुशांतीचे आमंत्रण द्यायचे, पाहुणे यायचे, म्हणून लोक पहिला खर्च रंगावर करतात आणि पुढच्या जूनमध्ये तोच रंग पोपडे धरून खाली येतो. आधी गच्ची आणि कठडा, मग पावसाळी पाइप, मग छज्जे, मग सुटलेला गिलावा ठोकून काढून नवा करणे, आणि सगळ्यांत शेवटी रंग, हा क्रम वडील कधी मोडू देत नसत. नवा सिमेंटचा गिलावा पाणी मारून मुरवल्यावर महिनाभर तरी कोरडा होऊ द्यावा, म्हणजे त्यातला क्षार रंगावर पांढरा उमटत नाही. शेवाळ तारेच्या ब्रशाने घासून, शेवाळ मारणारे औषध लावून, धुऊन, वाळू द्यावे. त्यावर नुसता प्रायमर फासला तर ते आतून पुन्हा वर येते.

शक्य असेल तर एक पावसाळा त्या घरात तसाच काढा. कोणती भिंत किती दिवस ओली राहते हे घर स्वतःच दाखवते, आणि मग ज्या दोन भिंतींना खरी गरज आहे त्यांनाच महागाचा जलरोधक थर लावता येतो. तोपर्यंत मन रमावे म्हणून फाटक सरळ करून त्याला काळा ऑइलपेंट आणि उंबऱ्याजवळ एक चांगला दिवा, एवढे करा. संध्याकाळी घर वेगळे दिसेल.

पागोळी:

रत्नागिरीकराचा अनाहूत सल्ला: सगळ्या गच्चीवर उतरते पत्र्याचे छप्पर घाला आणि कोब्याची चिंता सोडा. आमच्याकडे स्लॅबचे घर बांधतानाच लोक वर पत्रा किंवा कौले धरतात, कारण सपाट गच्ची कोकणातल्या पावसापुढे टिकत नाही. छप्पर भिंतीच्या बाहेर दोन-अडीच फूट काढले की पश्चिमेची झड भिंतीवर येत नाही, गिलावा वाचतो, आणि कपडे वाळवायला जागा मिळते ती वेगळीच.

ओळंबा:

पागोळी, तुमच्याकडच्या पावसाला हा उपाय योग्यच आहे. पण कोल्हापूर शहरातला पाऊस तिकडच्या मानाने बराच कमी आहे, आणि इथे मी पाहिलेली बहुतेक छपरे गळक्या कोब्यावर पांघरूण म्हणून घातलेली होती. खाली कोबा फुटलेला तसाच राहतो, कठड्याच्या भेगेतून पाणी शिरतच राहते, आणि पाच वर्षांनी पत्र्याचे हूक गंजले की दोन दुरुस्त्या एकदम अंगावर येतात. शिवाय छपरासाठी परवानगी लागते का, ते आधी महापालिकेत विचारावे.

पागोळी:

परवानगीचे मान्य. बाकी हूक गंजतात कारण तुम्ही घाटावर त्यांना रबरी वॉशर घालत नाही. भिंतीबाहेर काढलेल्या छपराचा मुद्दा मी सोडणार नाही. निदान पश्चिमेच्या खिडक्यांवर तरी लांब छज्जे किंवा पत्र्याची झापे लावून घ्या.

उंबरठा:

बरेच दिवसांनी लिहिते आहे. मधल्या काळात सागरमाळचे घर तीनदा पाहिले, त्यातले एकदा भर पावसात छत्र्या घेऊन. ओळंबा यांनी सांगितल्याप्रमाणे गच्चीवर पाणी साठवण्याची परवानगी मागितली, आणि मालकांनी विनातक्रार दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या छताला ताटलीएवढा ओला डाग होता, इतर ठिकाणी काही नाही. यजमानांनी त्या डागाभोवती पेन्सिलने रेघ ओढून तारीख घातली, आणि वाटाघाटीला बसताना मालकांना तीच दाखवली. पावसात मात्र खरी अडचण दिसली. रस्त्यावरचे पाणी फाटकातून सरळ आत येते, तुळशीपाशी साठते आणि पायरीला लागून थांबते. जोते अजून वर आहे म्हणून घरात शिरत नाही इतकेच.

आमचा हिशेब असा झाला. किंमत ६६ लाखांवर तुटली. घर माझ्या एकटीच्या नावावर घेत आहोत, त्यामुळे महिलांसाठीची १ टक्का सवलत धरून मुद्रांक शुल्क ५ टक्के, म्हणजे ३ लाख ३० हजार, आणि नोंदणी ३० हजार. वकील आणि इतर किरकोळ खर्च वजा जाता बाहेरच्या कामाला साधारण आठ लाख राहतात. बँक एवढ्या रकमेला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देते आणि मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरत नाही, म्हणून हे आठ लाख आमच्या गाठीचेच आहेत, आणि ते हलवायचे नाहीत असे ठरले आहे. मुलीच्या रिक्षाचे पैसे घरखर्चातून जातील. आमच्या तडजोडींत रोज जाणवणारी तीच आहे.

प्रश्न आता अंगणातल्या पाण्याचा आहे. ते काढायचे कसे?

ओळंबा:

अंगण भरून रस्त्याच्या बरोबरीला आणण्याचा मोह टाळा. तसे केले की जोते तेवढे बुडते आणि भिंतीत ओल चढायला वाट मिळते. फाटकाच्या रेषेत जमिनीत आडवी नाली खणून वर लोखंडी जाळी बसवा, आणि आत येणाऱ्या उतारावर चार-पाच इंचांचा उंचवटा द्या, म्हणजे रस्त्याचे पाणी जाळीत पडेल आणि गाडीही आत येईल. घराभोवती अडीच-तीन फूट रुंदीची शहाबादी फरशी भिंतीपासून बाहेर ढाळ देऊन घाला. राहिला प्रश्न नालीतले पाणी सोडायचे कुठे हा. रस्त्याकडेचे गटार आता तुमच्या अंगणापेक्षा उंच असेल, तेव्हा जमिनीचा नैसर्गिक उतार कोणीकडे आहे ते पाहा.

उंबरठा:

उतार मागच्या बाजूला आहे. मागे एका निवृत्त गृहस्थांचा बंगला आहे आणि त्यांच्या भिंतीपलीकडे खालच्या पातळीवर महापालिकेचे गटार जाते. म्हणजे पाइप त्यांच्या हद्दीतून न्यावा लागेल. हे लक्षात आले तेव्हा पहिल्यांदा वाटले की सौदा मोडावा, कारण रंग, फाटक, कोबा सगळे आपल्या पैशांनी होते, पण हे दुसऱ्याच्या मर्जीवर आले.

रविवारी आम्ही त्यांच्याकडे जाऊन आलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले, आम्हाला चहा दिला आणि म्हणाले की आधीचे मालक २४ वर्षांत एकदाही विचारायला आले नाहीत, त्यांचे पाणी भिंतीखालून झिरपून यांच्या परसात येत असे. पाइप घालायला त्यांची हरकत नाही, उलट हवाच आहे. अट एकच घातली. आमच्या मागच्या कुंपणाला लागून जास्वंदीचे मोठे झुडूप आहे, त्याच्या फांद्या त्यांच्या बाजूला येतात आणि त्यांच्या गणपतीला रोज तीच फुले जातात. खोदकाम करताना ती जास्वंद जाता कामा नये.

सातबारा:

इसार देण्याच्या आधी पाइपची संमती मुद्रांक कागदावर लिहून घ्या. पाइपचा व्यास, खोली, दुरुस्तीसाठी आत जाण्याची मुभा आणि पुढे कोणाचेही घर विकले गेले तरी ही व्यवस्था कायम राहील, हे सगळे त्यात यावे. गृहस्थ चांगले आहेत याचा अर्थ त्यांचे वारसही तसेच असतील असा होत नाही. मसुदा मला दाखवलात तर पाहून देईन.

उंबरठा:

मसुदा पाठवते आहे. चौथ्या कलमात जास्वंद घातली आहे, त्यांच्याच आग्रहावरून.